दान की ऋण? शिक्षणावरील खर्चाचा धर्मविचार

शासनाच्या तिजोरीत तूट आली की ज्या खात्यांना सर्वांत आधी झळ बसते त्यांत शिक्षणखाते असते, आणि या काटछाटीची चर्चा बहुधा तरतूद किती होती, किती घटली, किती पदे रिक्त राहिली अशा हिशेबाच्या भाषेतच होते. हा हिशेब आवश्यक असला तरी त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय केल्याशिवाय आकड्यांचा अर्थ लागत नाही. राज्य शिक्षणावर जो पैसा खर्च करते तो ते दान म्हणून देते की ऋण म्हणून फेडते, हा तो प्रश्न होय. दान असेल तर दात्याची ऐपत आणि इच्छा यांनुसार ते कमीजास्त होऊ शकते आणि घेणाऱ्याने मिळेल त्यात समाधान मानावे असे म्हणता येते. ऋण असेल तर ऐपत घटल्याचे कारण सांगून ते बुडवता येत नाही, फार तर मुदत मागता येते, आणि तीही धनकोच्या, म्हणजे ज्याचे देणे आहे त्याच्या, संमतीनेच. भारतीय धर्मविचारात या दोन्ही कल्पनांचा बारकाईने ऊहापोह झालेला असल्यामुळे महाराष्ट्रातील शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या गेल्या पाव शतकातील अनुभवाची त्या विचाराच्या आधारे तपासणी करणे उपयोगाचे ठरते.

ऋणाच्या कल्पनेचे प्राचीन रूप तैत्तिरीय संहितेत आढळते. तेथे ब्राह्मण हा तीन ऋणे घेऊनच जन्मतो असे म्हटले असून ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरुगृही राहून केलेल्या अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते असे सांगितले आहे. शतपथ ब्राह्मणात याला माणसांच्या ऋणाची जोड दिलेली आहे आणि ते आतिथ्याने फेडायचे आहे. या कल्पनेची दोन वैशिष्ट्ये येथे महत्त्वाची आहेत. पहिले असे की हे ऋण कोणी करार करून काढलेले नसते. ज्ञान, भाषा आणि रीतिभाती यांचा साठा आधीच्या पिढ्यांनी जमवून ठेवलेला असतो आणि त्यात जन्म घेणे हेच ऋणी होणे असते. दुसरे असे की ऋषींचे ऋण ऋषींना परत करता येत नाही, कारण ते काळाच्या पलीकडे गेलेले असतात. जे मिळाले ते आत्मसात करून पुढच्या पिढीच्या स्वाधीन करणे हीच त्याची परतफेड ठरते. त्यामुळे या व्यवहारात देणे एकाचे आणि वसुली दुसऱ्याची अशी स्थिती असते, आणि गतकाळाच्या वतीने वसुलीचा अधिकार ज्याच्याकडे येतो तो शिकू पाहणारे मूल होय.

अर्थात या वचनाची मर्यादा झाकून चालणार नाही. ते ब्राह्मणाला उद्देशून आहे, आणि पुढील धर्मशास्त्राने शूद्रांना व स्त्रियांना वेदाध्ययनापासून दूर ठेवून ऋषिऋणाच्या या हिशेबातून बहुसंख्य समाजाला वगळले. ही वगळणूक उलटी फिरवण्याचे काम महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी केले, आणि त्यांनी ते अर्थशास्त्राच्या आधारे केले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी असा मुद्दा मांडला की सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि त्यातील शिक्षणासाठीचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. या मांडणीने ऋणको आणि धनको यांची अदलाबदल झाली. ज्यांना विद्येचा अधिकार नाही असे मानले जात होते त्या शेतकऱ्यांच्या श्रमावरच विद्येचा सगळा डोलारा उभा असल्यामुळे शिकलेला समाज त्यांचा देणेकरी ठरला. याच निवेदनात फुल्यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली आणि प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला दरमहा किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत त्याहून अधिक वेतन असावे, असेही सुचवले. मुलाचा हक्क आणि शिक्षकाचे वेतन हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत हे त्यांनी ओळखले होते.

पुढील अर्धशतकात या प्रश्नावर जे वाद झाले त्यांत पैशाचे कारण वारंवार पुढे येताना दिसते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले, आणि त्याच्या विरोधकांच्या आक्षेपांत खर्चाचा आक्षेप ठळक होता. पण हा भार झेपणारा नाही असे साम्राज्य सांगत असतानाच बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये सक्तीचे शिक्षण संस्थानभर लागू केलेले होते आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसा कायदा केला. म्हणजे ऐपत हा केवळ तिजोरीचा गुण नसून कोणते देणे आधी फेडायचे या निर्णयाचाही तो परिणाम असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षण अनुदानावर बोलताना हाच निर्णय उघडा पाडला. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून, म्हणजे मुख्यतः दारूवरील करातून, दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे दाखवून जेवढे या मार्गाने घेतले जाते तेवढे तरी शिक्षणावर खर्च करावे, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत शिरलेल्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली पुन्हा निरक्षरतेत जातात, याकडेही त्यांनी त्याच भाषणात लक्ष वेधले.

आता दानाचा पक्ष तपासला पाहिजे, कारण विद्यादान हे सर्व दानांत श्रेष्ठ आहे ही भावना मराठी समाजात खोलवर रुजलेली आहे. धर्मशास्त्रात दानाची व्याख्या स्वस्वत्वनिवृत्तिपूर्वक परस्वत्वापादन अशी केली जाते. एखाद्या वस्तूवरची स्वतःची मालकी सोडून तीवर दुसऱ्याची मालकी उत्पन्न करणे, असा तिचा अर्थ आहे. या व्याख्येनुसार जे स्वतःचे नाही त्याचे दान होऊच शकत नाही. मीमांसाशास्त्राने, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचा विचार करणाऱ्या दर्शनाने, हा नियम राजालाही लावला आहे. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. तेव्हा सार्वभौम राजाने हा यज्ञ केला तर त्याने पृथ्वीही द्यावी काय, असा प्रश्न जैमिनीच्या सूत्रांत उपस्थित होतो, आणि भूमी सर्वांना समान असल्यामुळे ती देता येत नाही असे त्याचे उत्तर दिले जाते. राजाचे राजेपण प्रजेचे रक्षण करण्यात आणि त्याबद्दल ठरावीक भाग घेण्यात आहे, मालकीत नाही, असा या विवेचनाचा आशय आहे. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात व्यवहारमयूखात हाच विचार पुढे नेला, आणि हा ग्रंथ पुढे मुंबई इलाख्यातील न्यायालयांत प्रमाण मानला गेला.

या निर्णयाचा आधुनिक अन्वय सरळ आहे. करातून जमलेला पैसा राज्याच्या मालकीचा नसून राज्याच्या ताब्यात ठेवलेला आहे, म्हणून तो शाळेवर खर्च करताना राज्य दाता होऊ शकत नाही. तरीही दानाची भाषा राज्यव्यवहारात पुन्हा पुन्हा डोकावते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी दत्तक शाळा योजना आणली आणि देणगीदाराला ठरावीक काळासाठी शाळेशी आपले नाव जोडण्याची मुभा दिली. खासगी व्यक्तीने शाळेला मदत करण्यात गैर काही नाही, किंबहुना ते स्तुत्यच आहे. अडचण एवढीच की ऋणकोने स्वतःचे देणे तिऱ्हाइताच्या औदार्यावर सोपवले की धनको याचक बनतो. हक्काने मागणारे मूल उपकाराने घेणारे मूल होते, आणि हा बदल कोणत्याही ताळेबंदात दिसत नसला तरी नागरिक म्हणून त्या मुलाची जी घडण व्हायची असते तिच्यावर तो परिणाम करतो.

भारतीय राज्यघटनेने तत्त्वतः ऋणाचा पक्ष स्वीकारलेला आहे. २००२ मधील ८६व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २१-क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क देतो, आणि त्याला अनुसरून केलेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे लक्ष्य सुचवले होते. त्यानंतरच्या धोरणांनी, अगदी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, त्याचा पुनरुच्चार केला, आणि ते आजवर गाठले गेलेले नाही. देणे मान्य आहे, आकडा मान्य आहे आणि भरणा मात्र सतत अपुरा आहे, अशा वेळी उरलेली रक्कम कोणाच्या तरी खात्यावर चढतच असते. ती कोणाच्या खात्यावर चढते हे पाहिले की कपातीचे खरे स्वरूप कळते.

तिचा पहिला वाटा शिक्षकाच्या खात्यावर चढतो. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली आणि नवनियुक्त शिक्षकाला पहिली तीन वर्षे नियमित वेतनश्रेणीऐवजी मानधन देण्याची पद्धत सुरू झाली. प्रारंभी हे मानधन प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक स्तरांवर अनुक्रमे ३,०००, ४,००० आणि ५,००० रुपये होते, आणि २०२३ पासून ते १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये झाले. २००१ मध्ये नव्या शाळांना कायम विनाअनुदानित तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले गेले. २००९ मध्ये त्यातील कायम हा शब्द वगळला गेला, पण मूल्यांकन, पात्र शाळांच्या याद्या आणि २० टक्क्यांच्या पायऱ्यांनी वाढणारे टप्पा अनुदान या वाटेने पूर्ण वेतनापर्यंत पोहोचण्यात अनेक शिक्षकांच्या उमेदीची वर्षे सरली आणि आझाद मैदानावरील धरणे हा त्यांच्या सेवेचाच भाग बनला. अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत भरती थांबवणारा २०१२ चा आदेश आणि करोनाकाळात ४ मे २०२० रोजी विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणून नवी भरती रोखणारा वित्त विभागाचा निर्णय, यांमुळे रिक्त जागांचा साठा वाढत गेला. वरिष्ठ महाविद्यालयांत या जागांवर तासिका तत्त्वावरील अध्यापक आले. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे मिळत असल्यामुळे सुट्टीच्या महिन्यांत त्यांचे उत्पन्न थांबते, आणि उत्तरपत्रिका तपासणे किंवा विद्यार्थ्याची अडचण समजून घेणे हे काम त्या हिशेबात पूर्णपणे उतरत नाही.

येथे धर्माची भाषा एका विशिष्ट प्रकारे वापरली जाते. शिक्षकी हा पेशा नसून व्रत आहे, गुरूने फळाची आशा धरू नये, असे शिक्षकदिनी सांगितले जाते, आणि थकलेल्या वेतनाची मागणी करणारा शिक्षक या आदर्शापासून ढळलेला ठरतो. या युक्तिवादाला परंपरेत आधार आहे असे दिसते, कारण मनुस्मृतीने भृतकाध्यापकाला, म्हणजे वेतन ठरवून शिकवणाऱ्याला, श्राद्धाच्या निमंत्रणासाठी अपात्र मानले आहे. परंतु त्याच स्मृतीत राजाने मरणाची वेळ आली तरी श्रोत्रियाकडून, म्हणजे वेदाध्ययन केलेल्या विद्वानाकडून, कर घेऊ नये, आपल्या राज्यात त्याला उपाशी राहू देऊ नये आणि त्याची वृत्ती, म्हणजे चरितार्थाची सोय, लावून द्यावी असेही बजावले आहे. अध्यापकाची निःस्पृहता आणि राजाने लावून दिलेली वृत्ती या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या; अग्रहारांपासून, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दिलेल्या इनाम गावांपासून, पेशव्यांच्या श्रावणातील दक्षिणेपर्यंत आणि त्या दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत ही दुसरी बाजू चालू राहिली. ही व्यवस्था एका वर्णापुरती असल्यामुळे अन्यायकारक होती हे खरे, पण निर्वेतन अध्यापनाचे समर्थन तिच्यातून निघत नाही. गीतेतील निष्काम कर्माचा उपदेशही कर्त्याला केलेला आहे. त्याने स्वतःच्या फलाशेचे काय करावे हे तो सांगतो, दुसऱ्याने त्याचे वेतन रोखावे अशी अनुज्ञा तो कोणालाही देत नाही.

त्यागाचा नैतिक विचार यामुळे स्वेच्छेवर येऊन थांबतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याचे व्रत घेतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात ७५ रुपयांवर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची एक पिढी उभी राहिली. तरीही सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही आणि वेतन किती असावे या प्रश्नांवरून तेथेही तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी संस्था सोडली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी संस्थापकांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासह, दिल्याची नोंद आहे. हे त्याग थोर ठरले कारण करणाऱ्यांनी ते स्वतः निवडले, आणि ज्यांनी ते केले त्यांनी संस्थेची दिशाही स्वतः ठरवली. शिक्षणसेवकाला किंवा तासिका अध्यापकाला असा पर्याय दिलेला नसतो. ज्या त्यागाला नकार देता येत नाही त्याला तपश्चर्या म्हणणे हे शोषणाला पावित्र्य देणे आहे.

देण्याचा दुसरा आणि अधिक मोठा वाटा मुलाच्या खात्यावर चढतो, आणि तेथे भरणा पैशात होत नाही, वयात होतो. रस्ता यंदा झाला नाही तर पुढच्या वर्षी होऊ शकतो आणि तो तोच रस्ता असतो. वाचायला शिकण्याचे वय निघून गेलेले मूल मात्र पुढच्या वर्षीच्या तरतुदीने पूर्वस्थितीत येत नाही. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत एक पद रिक्त राहिले की उरलेल्या एका शिक्षकावर चार-पाच इयत्ता येतात. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, मतदारयाद्यांचे काम आणि सर्वेक्षणे यांची भर पडते, आणि तो पहिलीकडे वळला की तिसरी-चौथीची मुले पाटीवर उतारा लिहीत बसतात. २००९ च्या कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आणि जनगणना, आपत्ती व निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली, परंतु निवडणुकीच्या नावाखालीच बरीच कामे मावतात. शिष्यवृत्ती उशिरा आली की महाविद्यालयाचे शुल्क घरच्यांना कर्जाने भरावे लागते, आणि ऊसतोड कामगाराचे मूल हंगामात आईबापांमागे गेले की परतल्यावर त्याला सावरून घेण्यासाठी जो जादा शिक्षक लागतो तो शाळेत नसतो. कपातीचे दुष्परिणाम सर्वांवर सारखे होत नाहीत. ज्याच्या घरी शाळेला पर्याय आहे तो शिकवणी लावतो, आणि फुल्यांच्या निवेदनातील धनकोच पुन्हा मागे राहतो.

या प्रतिपादनावर एक वजनदार आक्षेप घेता येतो. पाच-सहा मुलांच्या शाळेवर दोन शिक्षक ठेवणे हा अपव्यय आहे, मोठ्या शाळेत समवयस्कांची सोबत, ग्रंथालय आणि खेळ मिळतात, म्हणून लहान शाळा एकत्र करणे मुलांच्याच हिताचे आहे, असा तो आक्षेप आहे. २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५,००० शाळांच्या संदर्भात २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार पुढे आला तेव्हा नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्याजवळील पानशेत यांची उदाहरणे देण्यात आली, आणि चांगली समूह शाळा मुलांना अधिक देऊ शकते हे नाकारण्याचे कारण नाही. शिक्षकवर्ग निर्दोष आहे असेही नाही. विनाअनुदानित शाळांतील अनेक नेमणुका संस्थाचालकाला पैसे देऊन झालेल्या आहेत हे सर्वांना ठाऊक असते, आणि नियमित वेतन घेऊन वर्गाकडे पाठ फिरवणारा शिक्षकही मुलाचा तितकाच देणेकरी असतो.

तथापि आक्षेपाचे उत्तर त्याच्याच अटींवर देता येते. पुनर्रचना आणि कपात यांतला फरक वाचलेल्या पैशाच्या प्रवासावरून कळतो. शाळा एकत्र करून जो पैसा वाचतो तो त्याच मुलांच्या वाहनावर, वसतिगृहावर आणि शिक्षकांवर खर्च झाला तर ऋणाची फेड अधिक चांगल्या रीतीने झाली असे म्हणता येईल. तो तिजोरीत परत गेला आणि वाडीवरच्या मुलीच्या वाटेत ओढा व जंगल तेवढे वाढले, तर ऋण बुडवले गेले. नियमानुसार पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत असली पाहिजे, आणि अंतर वाढले की सर्वांत आधी मुलींचे शिक्षण सुटते हे ग्रामीण पालकांच्या व्यवहारातून पुरेसे स्पष्ट होते. ऋणाची मुदत वाढवायला धनकोची संमती लागते. येथे धनको अल्पवयीन आहे, तो संमती देऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्यावर विश्वस्ताची जबाबदारी येते आणि अल्पवयीनाच्या हिताविरुद्ध केलेली तडजोड विश्वस्ताला करता येत नाही.

राज्याला ऋण म्हणजे काय हे कळत नाही असे मुळीच नाही, आणि याचा पुरावा अर्थसंकल्पातच सापडतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ नुसार राज्याच्या कर्जावरील व्याज आणि त्याची परतफेड हा भारित खर्च असतो, म्हणजे तो थेट एकत्रित निधीवर टाकलेला असतो आणि अनुच्छेद २०३ नुसार विधिमंडळात त्यावर चर्चा होऊ शकली तरी मतदान होत नाही. काहीही झाले तरी तो आधी चुकता होतो. शाळेवरचा खर्च मात्र दरवर्षी मागणी म्हणून मांडला जातो, आणि मंजूर झाल्यावरही वित्त विभागाच्या एका परिपत्रकाने त्याला कात्री लागू शकते. रोखे घेणाऱ्या सावकाराचे देणे अटळ आणि सहा वर्षांच्या मुलाचे देणे ऐच्छिक, असा हा क्रम आहे. शिक्षणाचा सगळा खर्च भारित करावा असे यावरून सिद्ध होत नाही, कारण लोकप्रतिनिधींच्या देखरेखीतून तो बाहेर काढण्यातही धोका आहे. परंतु मंजूर शिक्षकपदे आणि कायद्याने ठरवलेले किमान निकष यांपुरता तरी खर्च कपातीच्या आदेशांतून वगळणे, आणि दरवर्षी किती देणे थकले याची नोंद अर्थसंकल्पातच कर्जाच्या नोंदीशेजारी छापणे, एवढे ऋणाचा पक्ष मान्य करणाऱ्या राज्याला करावेच लागेल. ते करण्याची तयारी नसेल तर मूलभूत हक्काचे नाव कायम ठेवून व्यवहार दानाचा चालला आहे हे मान्य करावे लागेल, आणि त्या दानासाठी लागणारी मालकी राज्याकडे कधीच नव्हती, हा मीमांसकांचा निर्णय तेव्हाही आड येईल.